बोडीच्या काठचं बिननावाचं गवत

मुर्री, गोंदिया
१४ सप्टेंबर २००३

ओमेश्वरी,

तुझं कार्ड काल मिळालं. दोन वर्षांनी बापाला कागद लिहिलास आणि मागितलंस काय, तर गवत! पोस्टमन वाटेतच वाचून आला होता. मला म्हणतो, ‘गुरुजी, नागपुरात गवत भेटत नाही का?’ आता त्याला काय सांगू, कपाळ?

तुझ्या चार ओळींत ‘आई कशी आहे’ हे तीन शब्द कुठं बसले नाहीत. तुझ्या आईने कार्ड माझ्या हातून हिसकून घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, ‘मायं नाव कुठं लिवलं हाय?’ मी ‘मुळासकट’ या शब्दावर बोट ठेवलं. म्हटलं, हे बघ गिरजा, इथं. तिने त्या शब्दावरून दोनदा हात फिरवला. असं खोटं बोलायची पाळी तू आणलीस माझ्यावर, लक्षात ठेव.

तरी तू मागितलंस म्हणून गेलो. बोडीच्या खालच्या अंगाला, जिथं तळ्याचं पाणी घोट्याएवढं असतं, तिथंच होतं ते. चपटी पाती, मधून काडीसारखा दांडा, त्याच्या टोकाला तपकिरी बोंड. तू लिहिलंस तसंच. इतकी वर्षं धानाच्या बांधीत निंदताना बाया हेच उपटून धुऱ्यावर फेकत आल्या आणि मीही फेकायला लावत आलो. आपल्या गावात याला नावसुद्धा नाही. कचरा म्हणतात. तुझी आई म्हणते, तिच्या माहेरी सालेकशाकडे नायट्यावर याचा रस लावायचे.

गुडघाभर चिखलात उतरून, या वयात, साठ झाडं उपटली. मुळं खळबळून धुतली, मातीचा कण ठेवला नाही. रोवण्याच्या वेळी पऱ्ह्याच्या रोपांची जुडी बांधतात तशी जुडी बांधली, आणि शेंडे खुडून सगळी एका मापाची केली. मास्तरकी पस्तीस वर्षं केली, पण हात कास्तकाराचेच आहेत. अशी देखणी जुडी तुझ्या कॉलेजात कोणी पाहिली नसेल. गुरुवारी तिलक दुकानाचा माल आणायला नागपूरला येतो, त्याच्या हाती पाठवतो. चुलतभावाशी तरी नीट बोल.

आईला थोडा थकवा आहे. काळजीचं काही नाही.

तुझा बाप,
लक्ष्मीचंद


मुर्री
५ ऑक्टोबर २००३

ओमेश्वरी,

बापावर ओरडायला दोन पानं, व्वा! गवत मागायला चार ओळी आणि शिव्या द्यायला दोन पानं. तू माझीच पोरगी शोभतेस.

मी मुद्दाम शेंडे खुडले असं तुला वाटलंच कसं? अगं, धानाच्या पऱ्ह्याचे शेंडे खुडतात की नाही? किडीची अंडी असतात शेंड्यावर. लहानपणी तू स्वतः जुड्या धरायला बसायचीस माझ्यासोबत. झाड म्हटलं की मूळ जपायचं आणि शेंडा खुडायचा, एवढंच माझ्या हाताला ठाऊक. तुझ्या शास्त्रात सगळी ओळख शेंड्याच्या बोंडात असते हे मला कोण सांगणार होतं? ‘मुळासकट पाठवा’ लिहिलंस. ‘बोंडासकट’ लिहायला काय हात दुखत होता?

रागातल्या दोन पानांतून मला समजलं ते असं, बरोबर आहे का बघ. या गवताच्या दोन जाती दिसायला सारख्या. एक सगळीकडे सापडते, दुसरी आपल्या भागात कोणी नोंदवलेली नाही. तू म्हणतेस आपल्या बोडीतली ती दुसरी. तुझे सर म्हणतात, नेहमीचीच आहे, तुझी चूक झाली. तू घर सोडलंस त्या वर्षी थंडीत नेलेली झाडं सुकलेली होती आणि आता त्यांच्या बोंडांना कसर लागली. उमललेलं फूल तू कधी पाहिलंच नाहीस. तीन पाकळ्यांची किनार कशी, आत केसाळ तंतू आहेत का, आणि फूल दिवसाच्या कोणत्या वेळी उघडतं, एवढ्यावर निकाल लागणार. तीस नोव्हेंबरच्या आत दाखवता आलं नाही तर तुझा तो भाग प्रबंधातून काढून टाकणार आणि दोन वर्षांची मेहनत पाण्यात. सगळ्या खात्यात तू खोटी ठरणार.

खोटी ठरणं काय असतं ते मला ठाऊक आहे. तू लग्न मोडून निघून गेलीस तेव्हा तिरोड्याच्या पाहुण्यांच्या सगाईच्या साड्या परत द्यायला मीच गेलो होतो. त्या ओसरीवर मी कसा उभा होतो ते तू पाहिलं नाहीस.

असो. फूल किती वाजता उघडतं ते पाहून कळवतो.

आईचं थोडं कमी-जास्त चालू असतं.

लक्ष्मीचंद


मुर्री
१९ ऑक्टोबर २००३

ओमेश्वरी,

तू विचारलेलं पाहून ठेवलं. फूल दुपारी उघडतं. साधारण एकच्या सुमाराला, दोन-अडीचपर्यंत राहतं. सकाळचा मी तिकडे फिरकतही नाही, दवात गुडघे धरतात.

पाठव म्हणतेस ते जमण्यासारखं नाही. मी करून पाहिलं. फूल खुडलं की वर्तमानपत्रात ठेवेपर्यंत विरून जातं, बोटाला नुसता पिवळा ओलावा लागतो. इथंच, झाडाशी बसून, तुझ्या भिंगातून पाहायला हवं. हे काम तिलकचं नाही आणि माझंही नाही. तुलाच यावं लागेल.

दिवाळी झाल्यावर ये. दोन नोव्हेंबरला रविवार आहे. सकाळच्या गाडीने निघालीस तर साडेबाराला बोडीवर पोचशील. तिलक स्टेशनावर फटफटी घेऊन येईल.

मागचं काही बोलणार नाही मी. तूही बोलू नकोस.

तुझ्या आईला सांगितलं नाही अजून. आधी सांगितलं की ती पंधरा दिवस झोपणार नाही.

लक्ष्मीचंद


मुर्री
६ नोव्हेंबर २००३

ओमेश्वरी,

आलीस आणि गेलीस. वाऱ्यासारखी.

साडेबारा ते चार तू त्या चिखलात बसलीस. भिंग डोळ्याला लावून एकेक बोंड तपासलंस. मी काठच्या पाळीवर छत्री धरून उभा. मला वाटलं, एकदा तरी मान वर करशील, बापाकडे पाहशील. तू पाहत होतीस घड्याळाकडे. फूल उघडलं नाही यात माझा काय दोष? निसर्ग आहे तो, शाळेची घंटा नाही.

‘बाबा, हंगाम संपला, मी उशिरा आले,’ असं म्हणालीस आणि रडलीस. रडताना तोंड फिरवून घेतलंस. लहानपणी अशी रडायची नाहीस तू, गाव गोळा करायचीस.

आणि घरात आली नाहीस. बोडीपासून घर किती, दोन बांध्या! तू विचारलंस, ‘आई कशी हाय?’ मी म्हटलं, बरी आहे, झोपली आहे. तू म्हणालीस, ‘मग उठवू नका.’ वा गं पोरी! झोपलेल्या माणसाला दारातून पाहता येत नाही का? तू घर सोडलंस त्या दिवशी मी काय बोललो होतो ते धरून बसलीस. ‘या उंबरठ्यात पाय टाकशील तर माझं मेलेलं तोंड पाहशील.’ बोललो होतो, नाही म्हणत नाही. रागाच्या भरात माणूस काय नाही बोलत? पण तुझ्यासारखं ते शब्दाला शब्द पाळायचं का? इतर कुठलं माझं ऐकलंस कधी?

तिलक सांगत होता, चिखलासकट नेलेली तीन झाडं तुझ्या होस्टेलात डब्यातच माना टाकून बसली. ते होणारच होतं. बोडीचं झाड बोडीतच राहतं.

तू गेल्यावर तुझ्या आईने विचारलं, ‘पोरगी आली होती नं? फटफटीचा आवाज आला मले.’ मी काय सांगितलं ते विचारू नकोस.

लक्ष्मीचंद


मुर्री
१७ नोव्हेंबर २००३

ओमे,

हे पत्र भांडायला नाही. आधी शेवटपर्यंत वाच.

तुझ्या आईचं बरं नाही. थकवा नाही, कमी-जास्तही नाही. तिची दोन्ही मूत्रपिंडं गेली आहेत. गोंदियाच्या डॉक्टरने ऑगस्टमध्येच सांगितलं होतं, फार तर दिवाळी पाहतील. नागपूरला नेलं असतं, पण ती गाडीत बसायलाच तयार नव्हती. म्हणाली, ‘पोरीच्या गावात मी दवाखान्यात पडू? तिचा अभ्यास मोडंल.’ तुला कळवू नका म्हणाली, ते मला सोयीचं पडलं. तिच्या आडून मीही गप्प बसलो.

आता पाय सुजून खांबासारखे झालेत. तोंडाला चव नाही. दोन नोव्हेंबरला मात्र सकाळीच शेजारच्या जमुनाबाईला बोलावून तिने केस विंचरून घेतले होते आणि उडदाचे वडे करायला लावले होते. तिला कोणी सांगितलं देव जाणे, मी सांगितलं नव्हतं. तिलकचं तोंड म्हणजे फुटका माठ. ती आतल्या खोलीत बाजेवर बसून होती. झोपली नव्हती.

तू निघून गेल्यावर मी तिला म्हटलं, बोडीवर काम राहिलं आहे, उद्या सकाळी येणार आहे. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा केस विंचरून घेतले. तिसऱ्या दिवशी जमुनाबाई माझ्याकडे अशी पाहत होती की मी सरळ शेतात निघून गेलो.

ती आता बोलते कमी. बोलते तेव्हा एकच, ‘पोरगी काऊन नाही आली?’

तो उंबरठ्याचा शब्द मी मागे घेतो. हे लिहून देतो, सही करून देतो. बापाने जिभेने बांधलं, बाप हाताने सोडतो. माझं काही होत नाही, भिऊ नकोस. या पत्राला उत्तर देऊ नकोस. पत्र हातात पडलं की पहिली गाडी धर आणि सरळ घरात ये. चप्पल काढायलाही थांबू नकोस.

बाबा


मुर्री
९ डिसेंबर २००३

ओमेश्वरी,

सतरा तारखेचं पत्र या पाकिटात घालून पाठवतो आहे. ते तुला आधी मिळालं नाही, कारण मी ते टाकलंच नाही.

लिहिलं त्या दिवशी पोस्टापर्यंत गेलो होतो. पेटीसमोर उभा राहिलो. मग वाटलं, ‘शब्द मागे घेतो’ ही ओळ फार झाली, घरी जाऊन दुरुस्त करून लिहावं. जन्मभर पोरांच्या वह्या तपासल्या, त्याची ही सवय. घरी आलो तर आईला उलट्या सुरू होत्या. पत्र सदऱ्याच्या खिशात राहिलं. अठराला खिशात, एकोणीसलाही खिशात. मधेमधे हात लावून पाहायचो. तिलकच्या दुकानात फोन आहे, तिथून एक फोन लावता आला असता हेही मला सुचत होतं. सुचत नव्हतं असं म्हणणार नाही. वीसला सकाळी ती गेली. तुझ्या होस्टेलात फोन गेला तो तिलकने केला.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझ्याच घरात, माझ्याच हाताने ते खरं करून दाखवलं.

तू आलीस तेव्हा लोकांनी तिला बाहेर अंगणात आणलं होतं. तू माझ्याकडे न पाहता तिच्या पायाशी बसलीस आणि सुजलेले पाय पाहून ओरडलीस, ‘हे कधीपासून? मले कोणी काऊन नाही सांगितलं?’ सगळं गाव माझ्याकडे पाहत होतं. मी जमिनीकडे पाहत होतो. मग तू उंबरठा ओलांडून आत गेलीस, तिची चादर हवी म्हणून. एखादी थप्पड मारली असतीस तर बरं झालं असतं.

नंतरच्या चौथ्या दिवशीचं लिहायचं आहे. त्याच्यासाठीच हे पत्र.

राख सावडून झाली होती. घरात पाहुण्या बाया, बोलणी, पुन्हा रडणं. तू सकाळी कोणाला न सांगता उठून बोडीवर गेलीस. थंडी होती, म्हणून मी आईची शाल घेऊन तुझ्यामागे आलो. खरं कारण एवढंच होतं, दुसरं काही नाही. मला वाटलं तू पाळीवर बसून रडत असशील. तू खालच्या अंगाला चिखलात उभी होतीस. तुझ्यासमोर सात-आठ फुलं उमललेली होती. पिवळीजर्द, टिकलीएवढी, तीन पाकळ्यांची. तू त्यांच्याकडे अशी पाहत होतीस जसं काही कोणी तुझी थट्टा केली आहे.

आणि मी, इतक्या वर्षांचा मास्तर, वर्गात घाई करणारा, माझ्या तोंडून निघून गेलं, ‘लवकर पाहून घे बाई, दहाच्या आत मिटतात ती.’

तू मागे वळलीस. तुझा चेहरा मी या जन्मात विसरणार नाही. हळू आवाजात विचारलंस, ‘बाबा, हे तुमाले कधीपासून ठाऊक होतं?’

मी शाल हातात धरून उभा राहिलो. तू वळलीस, खाली बसलीस, पिशवीतून भिंग काढलंस. वहीत पाकळीचं चित्र काढलंस, तंतू मोजलेस, वेळ लिहिलीस, झाड बोंडासकट कागदात दाबलंस. एकही पाकळी फाटू दिली नाहीस. मी पाहत होतो. इतका नीट कामाचा हात माझा कधीच नव्हता. तो तू आईकडून घेतलास.

तेरवीपर्यंत तू घरात होतीस. मला वेळेवर चहा दिलास, ताट वाढलंस, आल्यागेल्याला पाणी दिलंस. पुन्हा तो प्रश्न विचारला नाहीस. मीही सांगितलं नाही. तू निघालीस तेव्हा पाया पडलीस, आणि मी ‘सुखी राहा’ म्हणालो. कोणाच्या तोंडी सुखाची गोष्ट!

तिलक कालच नागपूरहून आला. त्याने अठ्ठावीसलाच तुझी कागदपत्रं सरांकडे पोचवली होती, ते तू जाणतेस. आता त्याला कळलं की सरांनी मानलं, ही जात वेगळीच आहे, ओमेश्वरी बरोबर होती. तिलक बिचारा आनंदाने सांगत होता. मी विचारलं, नाव काय म्हणे त्याचं? त्याने कागदावर लिहून आणलं होतं, लॅटिन आहे, माझ्या जिभेला वळत नाही. घरात सांगायला कोणी नव्हतं म्हणून मी ते दोन-चारदा मोठ्याने वाचलं.

तुझं काम झालं. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी हिशेब बसवून पाहिला तर गोष्ट अशी निघते, की ते फूल पाहायला तुला या घरात फक्त एक रात्र राहायचं होतं. ती रात्र तुला आईच्या मरणामुळे मिळाली. ती जिवंत असताना मी दिली नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मास्तराने प्रश्न सोडून देऊ नये.

ऑक्टोबरच्या सहा तारखेपासून मला ठाऊक होतं. तुला ‘पाहून कळवतो’ लिहिलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी सकाळी बोडीवर गेलो. सातला उघडलेली होती. साडेनऊला मिटायला लागली, दहाला एकही नाही. खरं वाटेना म्हणून लागोपाठ अकरा दिवस गेलो. दवात गुडघे धरत होते ते खरं आहे. घरी येऊन तुझ्या आईला सांगितलं तर ती हसली. म्हणाली, ‘हे तर मले लहानपणापासून माहीत हाय. ऊन तापायच्या आधीचं फूल ते. मले विचारलं असतं त सांगितलं असतं.’ दोन नोव्हेंबरला तू दोन बांध्या ओलांडून आत आली असतीस, तर तिने तुला पहिल्याच वाक्यात सांगितलं असतं.

आणि अकरा दिवस पाहिल्यावर मी बसून लिहिलं, फूल दुपारी उघडतं.

काऊन लिहिलं, तेही ऐक. तू फुलं पाहून दुपारच्या गाडीने परत जाऊ नयेस म्हणून. मी मनात सगळं बसवून ठेवलं होतं. तू दुपारी येशील, बोंडं मिटलेली पाहशील, हताश होशील. मग मी म्हणेन, ‘पोरी, माझी चूक झाली, ते सकाळी उघडतं, आज रात्र घरी थांब.’ म्हणजे तुला थांबावंच लागेल. तू आत येशील, आई तुला पाहील, आणि मला तो शब्द मागे घ्यावा लागणार नाही. गवताच्या निमित्ताने सगळं आपोआप होईल. केवढा शहाणा मी!

आईचं दुखणं लिहून बोलावलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी आली असतीस, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण ती आईसाठी आली असतीस. मला वाटत होतं, दोन वर्षांनी का होईना, तू माझ्या बोलावण्यावर यावंस. मरणाऱ्या बायकोशी मी बरोबरी करत होतो, ओमे. लिहिताना लाज वाटते, पण हेच खरं आहे.

‘पोरी, माझी चूक झाली’ हे वाक्य मी पाळीवर उभा राहून घोकत होतो. तू साडेतीन तास चिखलात होतीस आणि मी साडेतीन तास ते वाक्य तोंडात घोळवत होतो. पहिला शब्द नीट यायचा. पुढचे तीन येईनात. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने काढल्या, आपली चूक म्हणायचा सराव कधी केलाच नव्हता.

चार वाजता तू उठलीस. बोडीच्या पाण्यात पाय धुतलेस, चप्पल धुतलीस. पाळीवर माझ्यासमोर आलीस आणि थांबलीस. नुसती निघून गेली नाहीस, हे मी रोज आठवतो. थांबून घराकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. म्हणालीस, ‘जाऊ मी, बाबा?’

तू सांगत नव्हतीस, विचारत होतीस. मला तेव्हाही ते कळलं होतं.

मी म्हणालो, ‘निघ लवकर, गाडी चुकंल.’

लक्ष्मीचंद